संमोहन उपचार: खुर्चीत बसण्याआधी वाचण्यासाठी

पहिल्यांदा येणारे बरेच जण एकच शंका घेऊन येतात. कोणी ती उघड विचारतं, कोणी आडून. "मी शुद्धीवर असेन ना? तोंडातून भलतंसलतं काही निघणार नाही ना?" शंका रास्त आहे. रंगमंचावर चुटकी वाजते आणि धडधाकट माणूस कोंबडा होऊन आरवू लागतो, हे पाहिल्यावर आपलं मन परक्याच्या हाती द्यायला कोण धजावेल? म्हणून उपचारातलं संमोहन म्हणजे नेमकं काय, हे आम्ही इथे नीट सांगतो आहोत.

पुस्तकात डोकं घातलेलं असतं आणि कोणी दोनदा हाक मारली तरी ऐकू येत नाही. रोजच्या रस्त्याने घरी पोहोचतो आणि मधला रस्ता कसा सरला ते आठवत नाही. आपण म्हणतो, तंद्री लागली होती. लक्ष एका ठिकाणी एकवटलं की आजूबाजूचं आपोआप मागे सरतं, आणि त्या वेळी मनात आलेलं चित्र शरीरालाही जाणवतं. गोष्टीतल्या माणसाचं दुःख वाचताना आपल्याच डोळ्यांत पाणी येतं ना, तसं. संमोहनात हीच तंद्री ठरवून लावायची असते आणि तिचा उपयोग तुम्हाला हव्या त्या कामासाठी करायचा असतो. ही झोप नव्हे. मेंदूचा आलेख काढला तर तो जागेपणीचाच येतो. 'हिप्नॉटिझम' हे झोपेच्या ग्रीक देवावरून पडलेलं इंग्रजी नाव मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी रूढ केलं. १८४१ साली त्यांनी असा एक जाहीर प्रयोग पाहिला आणि स्वतः अभ्यासाला लागले. पुढे त्यांनाही ते नाव खटकलं, पण तोवर ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

त्याआधीची एक हकीकत आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्या अंगातल्या चुंबकीय शक्तीने रोग बरे होतात, असा फ्रान्झ मेस्मर यांचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने तो तपासायला समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यात होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड मेस्मर यांच्या शिष्याने 'भारून' ठेवलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाशी नेलं. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध पडला, आणि ते झाड भारलेलं नव्हतंच. समितीने निष्कर्ष काढला की हा सगळा कल्पनेचा परिणाम आहे. मेस्मर यांचा दावा तिथे निकालात निघाला. पण नुसती कल्पना एखाद्याला जमिनीवर पाडू शकत असेल, तर तीच त्याला उभं करायला का वापरू नये? आमचं सगळं काम या प्रश्नावर उभं आहे.

मराठीत 'भूल' हा शब्द दोन्हीकडे चालतो. भूल पडते ती मोहिनीची, आणि भूल देतात ती शस्त्रक्रियेआधी. डॉ. जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधल्या हुगळी इथे रुग्णांना असं तंद्रीत नेऊन मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आलं, ते जास्त खात्रीचं होतं, आणि ही पद्धत मागे पडली. आज ती वेगळ्या रूपात वापरली जाते. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९२ पासून काही शस्त्रक्रिया, विशेषतः थायरॉइडच्या, संमोहन, जागेपुरती भूल आणि थोडं गुंगीचं औषध यांच्या जोडीने होतात. पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही.

वेदना कमी होते म्हणजे काय होतं, हे १९९७ च्या एका प्रयोगात छान दिसलं. संमोहित व्यक्तींचा हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवला आणि सूचना दिली की त्याचा त्रास कमी वाटेल. पाणी तितकंच गरम होतं आणि ते गरम आहे हे त्यांना कळतही होतं, पण त्याचा जाच कमी झाला होता. वेदनेचा जाच जिथे नोंदला जातो, मेंदूच्या त्या भागातली हालचालही त्याप्रमाणे बदलली. जुनाट दुखण्याने गांजलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आयबीएसचा, म्हणजे तपासण्या स्वच्छ येऊनही पोट सतत बिघडलेलं असतं त्या विकाराचा. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये अशा ३० चिवट रुग्णांवर याचा प्रयोग केला आणि फरक ठळक होता. बारा महिने औषधं घेऊनही आराम नसेल तर संमोहनाचा विचार करावा, असं ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेतही आहे. हे सत्र चालतं कसं? तुम्ही टेकून बसता. श्वास संथ होतो, खांदे उतरतात, पापण्या जड होतात. मग तळहात पोटावर ठेवायचा आणि त्याची ऊब हळूहळू आत झिरपते आहे, असं जाणवू द्यायचं. त्यानंतर नदी डोळ्यांसमोर आणायची. कोणाची नदी खळाळत, फेसाळत धावत असते. तिला सपाटीवर आणून संथ करायचं. कोणाची अडून राहिलेली असते. तिला वाट करून द्यायची. काही सत्रांनंतर ही नदी तुम्हाला आमच्याशिवायही आणता येते. मधे खोकला आला तर खोकता येतं, डोळे उघडावेसे वाटले तर उघडता येतात, आणि नको असलेली सूचना मन सरळ नाकारू शकतं.

सुईची किंवा दातांच्या डॉक्टरांची भीती, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, ताणामुळे उडालेली झोप, यांतही चांगली मदत होते. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, त्यासाठी उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये याची शिफारस केली आहे.

प्रत्येकाला तंद्री सारखीच लागत नाही. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हे मोजण्याची श्रेणी तयार झाली. काही माणसं पटकन आणि खोल जातात, काही जवळपास जातच नाहीत, बहुतेक जण मधे असतात. मन दुबळं असण्याशी याचा संबंध नाही. तुम्हाला जमलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही, आणि आम्ही ते लवकर सांगू.

काही कामं आम्ही घेत नाही. पूर्वजन्म दाखवणं, विसरलेल्या आठवणी उकरून काढणं, कोण खरं बोलतं ते शोधणं ही त्यांतली. संमोहनात आठवलेलं खरंच असतं असं नाही. मन तितक्याच खात्रीने न घडलेलं रचतं, आणि त्या खोट्या आठवणीपायी नाती मोडू शकतात. एका बैठकीत सिगारेट सोडवण्याची हमीही आम्ही देत नाही, कारण इथे पुरावा कच्चा आहे. तुमचा निश्चय असेल तर इतर उपायांच्या जोडीने जरूर प्रयत्न करू. भास होत असतील, स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल किंवा फिट येत असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे. चालू औषध आमच्या सांगण्यावरून कधीही बंद होत नाही. आणि ज्या दुखण्याचं कारण तपासलेलं नाही ते आम्ही दाबत नाही. दुखणं ही शरीराची हाक असते. आधी ती कशासाठी आहे हे डॉक्टरांकडून कळू दे.

पहिल्या भेटीत संमोहन नसतं, बोलणं असतं. जुने तपासणीचे कागद आणि औषधांची यादी सोबत आणा. घरचं कोणी खोलीत बसावंसं वाटलं तर अवश्य बसू द्या. नंतरच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण आम्ही तुम्हाला देतो. ते रोज एकदा, शांत जागी, टेकून ऐका. गाडी चालवताना मात्र ते लावू नका.