परात्मता (मराठी कादंबरीतील)

आपले काम, आपली माणसे आणि अखेर आपण स्वतः, या सगळ्यांपासून माणूस तुटत जातो, त्या अवस्थेला परात्मता म्हणतात. साध्या मराठीत तुटलेपण. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत ही कल्पना मजुराच्या संदर्भात मांडली. कादंबरीत ती बहुधा घर सोडून शहरात आलेल्या शिकलेल्या मुलाच्या वाट्याला आली.

मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर. खानदेशातल्या खात्यापित्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. कथानक एवढेच. तुटलेपण घटनांपेक्षा भाषेत आहे. पहिल्याच ओळींत तो आपले वय सांगतो, तेही ‘उदाहरणार्थ’ लावून. म्हणजे तो स्वतःचाच एक नमुना झालेला असतो. ‘वगैरे’चेही तसेच. वडील, अभ्यास, भविष्य, ज्या कशाचे वजन वाटायला हवे, त्याच्या शेपटीला ‘वगैरे’ बांधले की ते हलके होते. पुढे कित्येक होस्टेलांत मुले असेच बोलू लागली, हा भाग वेगळा.

या पात्रावर पाश्चात्त्य अस्तित्ववादाची, म्हणजे जगण्याला आधीच ठरलेला अर्थ नसतो या विचाराची, छाया अनेकांनी पाहिली. फ्रेंच लेखक काम्यूच्या ‘परका’ (१९४२) कादंबरीतला नायक मर्सो आईच्या अंत्यविधीला रडत नाही, हा त्यासाठी नेहमीचा दाखला. पण तुलना इथेच अडते. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाच्या साथीत दगावते, तेव्हा पांडुरंगाचा कोरडेपणा टिकत नाही. इतका वेळ हाताशी असलेली थट्टा तिथे कामाला येत नाही. त्याचे तुटलेपण न वाटण्यातून आलेले नाही, फार वाटण्यातून आलेले आहे. वडिलांशी तर त्याचा दावा कधी मिटतच नाही: त्यांच्या पैशावर जगायचे आणि त्या पैशाचाच तिटकारा. गावी परतल्यावरही तो गावचा होत नाही. तरीही पुस्तकाची अर्पणपत्रिका आहे ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच.

किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) हे तुटलेपण निवेदनातच उतरते. कुशंक पुरंदरेच्या आयुष्याचे तुकडे काळाचा क्रम मोडून येतात आणि वाचकाला ते सलग लावता येत नाहीत. पाढाही शीर्षकातच एकाने चुकलेला आहे.