सेंट्रिंग खोलण्याआधी काँक्रीटचं तापमान बघा

“स्लॅब भरून सात दिवस झाले, टेकू काढू का?” आम्ही काँक्रीटमध्ये सेन्सर बसवून त्याचं तापमान मोजतो. थंडी पडली की नाशिक-निफाडच्या साइटवरून आम्हाला हमखास असा फोन येतो.

आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला टेकू 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. पण हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत, तेही हवा 15 अंशांखाली जात नसेल तर. आपल्याकडे घरबांधणीला सर्रास पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरतात आणि जानेवारीत निफाडला पहाटे पारा 10 च्याही खाली येतो. दोन्ही अटी सुटतात, तरी दिवस तेच मोजले जातात.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया त्याला ताकद देते, आणि ती उबेत भराभर चालते, गारठ्यात रेंगाळते. म्हणून आम्ही तापमान आणि तास यांचा गुणाकार करतो. त्यालाच परिपक्वता म्हणतात. शून्य अंशापासून मोजलं, तर सरासरी 30 अंशांत 7 दिवसांचे 5040 अंश-तास होतात. तोच माल सरासरी 18 अंशांत राहिला, तर तेवढे अंश-तास भरायला साडेअकरा दिवसांहून जास्त लागतात. टाकीतले क्यूब, म्हणजे चाचणीसाठी त्याच मालाचे भरलेले ठोकळे, मात्र 27 अंशांच्या पाण्यात सुखात असतात. त्यांची ताकद ही उघड्यावरच्या स्लॅबची ताकद नव्हे.

काम असं चालतं: तुमच्याच मिक्सचे क्यूब आधी ठरावीक दिवसांनी फोडून परिपक्वता आणि ताकद यांचा आलेख काढतो. ओतकामाच्या वेळी सेन्सरच्या वायरी सळईच्या जाळीत बांधतो, पण टोक सळईला लागू देत नाही. एक सेन्सर शेवटी भरलेल्या कोपऱ्यात असतोच, कारण तिथला माल सगळ्यात कोवळा. व्हायब्रेटरची सुई वायरीपासून लांब ठेवायला आपल्या माणसांना जरूर सांगा.

जाड राफ्टला (इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबला) उलटी काळजी. आतला गाभा तापतो आणि वरचा थर गार पडतो. हा फरक साधारण 20 अंशांपुढे गेला की तडे जाण्याची भीती असते. गाभा 70 अंशांवर जाऊ देऊ नये. अशा वेळी गरम राफ्टवर थेट गार पाणी मारू नका, त्याने फरक वाढतो. वरून गोणपाट, थर्मोकोल घालून ऊब धरून ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साइटवर कुणी मालात जादा पाणी ओतलं, तर ते सेन्सरला कळत नाही. क्युरिंग थांबून काँक्रीट कोरडं पडलं, तरी अंश-तास वाढतच राहतात. म्हणून क्यूब घेणं सोडू नका, पीपीसीला किमान 10 दिवस पाणी द्या, आणि टेकू काढायचा शेवटचा शब्द तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असू द्या. आम्ही आकडे त्यांच्याच हाती देतो.

आलेखाला वेळ लागतो, म्हणून स्लॅबच्या महिनाभर आधी कळवा. सिमेंटचा ब्रँड किंवा मिक्स बदललं, तर तेही लगेच सांगा. जुना आलेख मग चालत नाही.