गिअर कोण टाकतो ते सोडा, क्लच कोण सांभाळतो?

वेगवान गाडी घ्यायची ठरली की मुंबईतल्या घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मॅन्युअल नसेल तर एवढे पैसे घालून मजा कसली? दुसरा म्हणतो, अंधेरीहून बीकेसीपर्यंत रोज संध्याकाळी डावा पाय क्लचवर ठेवून दाखव, मग बोलू. दोघांचंही खरं आहे. पण वाद गिअरच्या दांड्याभोवती घुटमळत राहतो आणि ज्या भागावर या शहरातली सगळी सुखदुःखं अवलंबून आहेत, त्या क्लचचं नावही कुणी घेत नाही.

मुळात इंजिनाचा स्वभावच अडेल. फेऱ्या फार कमी झाल्या की ते बंद पडतं. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. गिअर या दोघांमधलं प्रमाण बदलतो, पण शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. म्हणून उभी गाडी हलवताना फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यामध्ये कुठेतरी काहीतरी घसरणं भागच असतं. मॅन्युअल गाडीत हे घसरणं इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचमध्ये होतं; त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो.

हे घसरणं फुकट होत नाही. १,३०० किलोची गाडी ताशी १० किलोमीटरपर्यंत आणायला सुमारे ५ किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाच्या फेऱ्या स्थिर धरून क्लच सावकाश सोडला, तर जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचप्लेटवर उष्णता होऊन जाते. हे चालवणाऱ्याच्या कौशल्यावर नाही, भौतिकशास्त्रावर अवलंबून आहे. अनाडी माणूस फक्त याहून जास्त जाळतो. आता सायनच्या सिग्नलपासून पुढे रांगत जाताना गाडी १०० वेळा थांबली आणि १०० वेळा सुटली असं धरा. ५०० किलोज्यूल झाले. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापतं. ही सगळी आच हातभर व्यासाचीही नसलेल्या एका चकतीने सोसायची. पेडर रोडच्या चढावर ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांना जो जळका वास येतो, तो याच हिशेबाचा. जुने टॅक्सीवाले सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाय काढून घेत, तेही उगाच नाही. क्लच दाबून बसलं की बेअरिंगवर सतत भार राहतो.

तेव्हा गिअरबॉक्सचे सगळे प्रकार एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत असं समजायला हरकत नाही: ही आच कुठे जाते आणि ती कोण आवरतं?

मॅन्युअलमध्ये ती कोरड्या चकतीवर जाते आणि तुमचा पाय ती आवरतो. बाकी डबा साधा, टिकाऊ, दुरुस्तीला स्वस्त. त्यातली खरी हुशारी सिंक्रोमेशची. सुटलेल्या लोकलचा दांडा धरणारा माणूस आधी फलाटावर चार पावलं धावून गाडीचा वेग गाठतो; तसंच पितळी कडं आधी नुसतं घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करतं आणि मगच दाते एकमेकांत बसतात. कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय आणली. त्याआधी गिअर बदलणं हे खरोखरच हातचं कसब होतं, आणि चुकलं की गल्लीभर ऐकू जाई.

नेहमीच्या ऑटोमॅटिकमधल्या टॉर्क कन्व्हर्टरचं उत्तर मला सगळ्यात देखणं वाटतं. हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. यात सुटताना चकत्या घासतच नाहीत. इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं, आणि मधली तिसरी पाती परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतात. त्यामुळे सुटताना चाकांकडे जाणारा जोर जवळपास दुपटीपर्यंत वाढतो. आच तेलात जाते, तेल कूलरमध्ये जाऊन थंड होतं. झिजण्यासारखं तिथे फार काही नसतं. पूर्वी या घसरणीमुळे वेगातही इंधन वाया जाई आणि पिकअप सुस्त वाटे. आता गाडीने वेग घेतला की आतला एक क्लच दोन्ही भाग घट्ट बांधून टाकतो. ऑटोमॅटिक म्हणजे मठ्ठ, हा समज त्या जुन्या गाड्यांचा उरलेला वारसा आहे.

ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात. १-३-५ गिअर एकाकडे, २-४-६ दुसऱ्याकडे. दुसऱ्या गिअरमध्ये पळत असतानाच तिसरा आतून तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि जोर तुटत नाही. पोर्शने १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत तो वापरला, आणि फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२मधून रस्त्यावर आणला. वेगात त्याला तोड नाही. पण लक्षात घ्या, सुटताना इथेही क्लचच घसरतो. फक्त पाय संगणकाचा असतो.

शोरूममध्ये सहसा न सांगितली जाणारी गोष्ट इथे येते. ड्युअल क्लच कोरडा असतो किंवा तेलात बुडालेला असतो, आणि बाहेर नाव एकच लिहिलेलं असतं. फोक्सवॅगनची व्हर्टस २०२२ साली आपल्याकडे आली तेव्हा तिच्या १.५ लिटर इंजिनाला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगनचं ड्युअल क्लचचं नाव) होता. २०२५ साली आलेल्या गोल्फ जीटीआयचा डीएसजी तेलातला. कोरडा क्लच हलका, इंधनाला बरा, पण तापला की निवायला त्याच्याकडे आजूबाजूची हवाच काय ती. मे महिन्यातल्या घोडबंदर रोडवरची हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे त्याच व्हर्टसच्या लहान १ लिटर इंजिनाला तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर मिळत होता. रांगण्याच्या कामात धाकटी थोरलीपेक्षा जास्त निवांत.

एएमटीबद्दल, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअलबद्दल, थोडक्यात. २०१४च्या सेलेरिओपासून तिने लाखो गुडघे वाचवले आहेत, पण ती मॅन्युअलचाच डबा, यंत्राच्या हाताने चालवलेला. प्रत्येक गिअरला जोर तुटतो आणि मान पुढे जाते. वेगवान गाडीच्या चर्चेत ती बसत नाही.

राहिला वेग. तो वाद संपलेला आहे. १९८९ साली फेरारीने स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी फॉर्म्युला वन गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली तिची पहिलीच शर्यत जिंकली. आजच्या ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३चे कंपनीचे आकडे पाहा: ० ते १०० किलोमीटरला ड्युअल क्लचवर ३.४ सेकंद, मॅन्युअलवर ३.९. तो अर्धा सेकंद सुटतानाच्या क्लचमध्ये आणि माणसाच्या हातापायांत जातो. याच जीटी३ने २०१३ साली मॅन्युअल बंद केला होता. २०१७ साली परत आणला. मागणी होती म्हणून. घड्याळ बदललं म्हणून नव्हे.

मुंबईकराने या अर्ध्या सेकंदाचं करायचं काय? शहरात मोटार शर्यतींचा ट्रॅक नाही. त्यासाठी कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडासारखं ठिकाण गाठावं लागतं. २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर मर्यादा १००ची आणि कोस्टल रोडच्या सरळ भागात ८०ची. मॅन्युअल बीएमडब्ल्यू एम२सारखी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच १०० गाठते. म्हणजे टोलनाका सोडून वेग घेतला की काही सेकंदांत कायद्याने दिलेली मजा संपली. पुढे नुसता समुद्र बघायचा.

म्हणूनच माझं मत जरा उलटं आहे. गाडी जितकी जास्त ताकदीची, तितकं मुंबईत मॅन्युअलला काम कमी आणि क्लच बहुधा जड. अशा गाडीला टॉर्क कन्व्हर्टर शोभतो. बीएमडब्ल्यूनेही २०१७च्या एम५मध्ये ड्युअल क्लच सोडून तोच घेतला. मॅन्युअलची खरी मजा १००-१५० अश्वशक्तीच्या हलक्या गाडीत आहे. तिच्यात तिसऱ्या गिअरपर्यंत रेस द्यावी लागते, पावसाळ्यात खंडाळ्याच्या उतारावर वळणाआधी दुसरा टाकताना इंजिनाच्या फेऱ्या पायाने जुळवाव्या लागतात, आणि ते जमलं नाही तर ओल्या रस्त्यावर चाकांना बसलेला हिसका लगेच कळतो. पॅडलवाल्या गाड्या हे जुळवणं स्वतःच करतात, अचूक करतात, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरात एकच गाडी असेल आणि ती रोज कामावर न्यायची असेल तर ड्युअल क्लच घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: क्लच कोरडा की तेलातला, आणि वॉरंटीत तो धरला आहे का? टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी देतात ती घेऊ नका. बुधवारी संध्याकाळी सातची मागा, कलानगरच्या दिशेने. वीस मिनिटं रांगल्यावर उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा सुटताना गाडी थरथरते का, मागे जाते का, गिअर टाकायला घुटमळते का ते पाहा. आणि मॅन्युअल असेल तर डावा गुडघा काय म्हणतो तेही.