तंबाखूच्या फुलातलं बुरशीनाशक

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं द्राक्षवाल्यांच्या तोंडी वेलीच्या दोनच रोगांची नावं, भुरी आणि डाऊनी. जरा ढगाळ झालं की फवारणीचा ब्लोअर चालू, खर्चाचं तर विचारूच नका. त्यात बुरशी औषधाला सरावते, म्हणजे एकच औषध सारखं मारलं की त्यातून जी वाचते तीच पुढं वाढते आणि मग ते औषध मारून न मारून सारखंच. म्हणून काही शास्त्रज्ञांनी उलटं विचारलं, की झाडं स्वतः बुरशीला कशी अडवतात?

१९९२ मध्ये बेल्जियमच्या एका टीमनं मुळ्याच्या बियांतून बुरशी मारणारी प्रोटीनं काढल्याचं छापून आलं. यांना डिफेन्सिन म्हणतात. पण मला जास्त भावते ती ऑस्ट्रेलियाच्या मर्लिन अँडरसन यांची गोष्ट, कारण त्या सुरुवातीला भलत्याच प्रश्नामागं होत्या. शोभेच्या तंबाखूचं फूल स्वतःचाच पराग का नाकारतं, हा तो प्रश्न. त्याच फुलांच्या कामातून पुढं एनएडी-१ हे डिफेन्सिन हाती आलं, २००३ मध्ये त्याचा पेपर आला. आपल्याकडं तंबाखू म्हटलं की चुना आणि तळहात आठवतो, पण हा तिचा चुलतभाऊ आहे, बागेत लावायचा.

एनएडी-१ अगदी छोटं, ४७ अमिनो आम्लांचं (प्रोटीनच्या माळेतले हे मणी). पण आत गंधकाचे चार बंध असे आवळलेत की सुंभाची बाज कसून विणावी तसं, सहजासहजी उलगडत नाही. ते बुरशीच्या बाहेरच्या भिंतीतून आत शिरतं आणि पेशीच्या पातळ आवरणातल्या पीआयपी-२ नावाच्या स्निग्ध रेणूला जाऊन धरतं, मग आवरण फाटतं आणि पेशीतला माल बाहेर गळतो. नेहमीची बरीच औषधं बुरशीच्या एखाद्या एन्झाइमला, म्हणजे पेशीतलं काम करणाऱ्या प्रोटीनला, अडवतात, तो एन्झाइम थोडा बदलला की बुरशी सुटली. इथं थेट आवरणावरच घाव, त्यामुळं सुटका जरा अवघड (अशक्य नाही हां).

मग हे शेतात का नाही? अँडरसन यांच्या गटानं कापसात एनएडी-१ चा जीन घातला, ऑस्ट्रेलियात शेतावर चाचण्या घेतल्या, मर रोग कमी झाला, २०१४ मध्ये ते प्रसिद्धही झालं. पण द्राक्षाचा वेल बदलणं सोपं नाही आणि आपल्याकडं जीएम, म्हणजे जीन बदललेल्या, पिकांची परवानगी हा वेगळाच विषय. फवारायचं म्हटलं तर प्रोटीन आधी ढीगभर बनवायला हवं, ते यीस्टमध्ये बनवतात आणि यीस्ट पण बुरशीच, ही गंमत! शिवाय ऊन-पावसात टिकायला हवं, आणि स्वस्त पण.

माणसांसाठीही प्रयत्न झाला. नखाच्या बुरशीवर हेक्झिमा कंपनीनं पेझाडेफ्टाइड नावाचं डिफेन्सिन आणलं, रेणू छोटा म्हणून नखातून आत जाईल असा हिशोब. पण २०२२ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत हवा तसा गुण आला नाही आणि काम थांबलं. चिखल्यांनी वैतागलेल्या आपल्या कृष्णाकाठच्या लोकांना अशी ट्यूब मिळायला अजून वेळ आहे.

आणि एक, दुकानात कुणी भुरी-डाऊनी दोन्हीवर एकच बायो बाटली पुढं केली तर आधी आत काय आहे ते विचारा. डाऊनी खरी बुरशीच नाही, ती शेवाळांच्या गोतातली, तिच्या भिंतीत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीच्या भिंतीत असतं ते चिवट चिटिन जवळजवळ नाहीच. चिटिन तोडणारं प्रोटीन भुरीला झोंबेल, डाऊनीत तोडायला तिथं चिटिन तर पाहिजे.