खुराडे (नाशिक जिल्हा)

खुराडे : परसात पाळलेल्या कोंबड्या रात्री कोंडण्यासाठी आणि त्यांना अंडी घालण्यासाठी केलेली लहान बंदिस्त जागा. दिवसभर मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या दिवेलागणीला आपणहून आत येतात. त्यामुळे खुराड्याचे काम मुख्यतः रात्रीच्या आसऱ्याचे असते. याच बाबतीत ते व्यापारी पोल्ट्री शेडहून वेगळे ठरते. पिले व त्यांची आई झाकण्यासाठी बांबूचे डालगे वापरतात. ते खुराड्यात गणले जात नाही.

कोंबडी प्रथम कोठे माणसाळली, याविषयी मतभेद आहेत. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) होय, हे चार्ल्स डार्विनचे मत आजही टिकून आहे. वाद आहे तो स्थळकाळाचा. विसाव्या शतकात बराच काळ हे श्रेय सिंधू संस्कृतीला दिले जाई व त्यासाठी इ. स. पू. सु. 2000 हा काळ धरला जाई. 1988 मध्ये उत्तर चीनमधील हाडांच्या आधारे ही मर्यादा इ. स. पू. 6000 च्याही मागे नेण्यात आली, परंतु त्यांतील काही हाडे कोंबडीची नसून फेझंट पक्ष्यांची असावीत, असा आक्षेप पुढे आला. 2020 मध्ये 863 पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीनुसार गॅलस गॅलस स्पॅडिसियस ही उपजाती पाळीव कोंबडीला सर्वांत जवळची ठरते. तिचा प्रदेश म्हणजे नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार. 2022 मध्ये सहाशेहून अधिक उत्खननस्थळांवरील अवशेष पुन्हा तपासले गेले. त्या अभ्यासाने मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील इ. स. पू. सु. 1650–1250 या काळातील हाडे निश्चितपणे पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी मानली आणि कोरडवाहू भात व भरड धान्यांच्या शेतीने रानकोंबड्या वस्तीकडे ओढल्या गेल्या, असे प्रतिपादले. हाडांची ओळख व कालनिश्चिती दोन्ही नव्याने तपासली गेल्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. यात भारताचा वाटा मात्र पुसला जात नाही. पिवळ्या कातडीचे जनुक पाळीव कोंबडीत राखाडी रानकोंबड्याकडून (गॅलस सोनेराटी) आले, असे 2008 मध्ये दाखवण्यात आले, आणि हा पक्षी सह्याद्रीच्या रानांत आजही आढळतो. मनुस्मृतीत (5.19) ‘ग्रामकुक्कुट’ निषिद्ध ठरवला आहे, यावरून गावातला व रानातला कोंबडा हा भेद तोवर रूढ झाला होता, असे दिसते.

नाशिक जिल्ह्यात खुराड्याचे रूप पावसावर ठरते. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर येवला, नांदगाव, मालेगाव हा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या घरांप्रमाणेच खुराड्याच्या भिंतीही कारवीच्या काठ्या उभ्या विणून, शेणमातीने लिंपून करतात व वर पेंढा किंवा कौले घालतात. या भागात कोंबडी अंड्यामांसाइतकीच देवकार्यासाठीही पाळली जाते. वाघबारशीला वाघदेवापुढे कोंबडा देण्याची चाल आहे. पूर्वेकडे घराच्या भिंतीला किंवा ओट्याला लागून दगडमातीचे ठेंगणे खुराडे करतात. ते उन्हाळ्यात थंड राहते, पण आत हवा खेळत नाही आणि साफ करायला हात पुरत नाही. हे दोष गंभीर आहेत.

जागा उंचवट्यावरची, पाणी न तुंबणारी हवी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन थेट आत शिरत नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून ती आखूड बाजू भिंतीने बंद करून दार पूर्वेला ठेवतात आणि छपराची पाखे दोन-तीन फूट बाहेर काढतात. रात्रीपुरत्या आसऱ्यासाठी दर कोंबडीला दीड ते दोन चौ. फूट जागा पुरते. दहा कोंबड्या व एक कोंबडा यांसाठी पाच फूट लांब, चार फूट रुंद खुराडे सोयीचे होते. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीला 18–20 सेंमी. जागा लागते. म्हणजे पाच फुटी दोन दांड्या पुरून उरतात. दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. वरखाली असल्यास वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. चार-पाच कोंबड्यांमागे 30 सेंमी. लांबी-रुंदीचे एक खोके अंड्यांसाठी पुरे. ते दांडीपेक्षा खाली ठेवावे, नाहीतर कोंबड्या त्यातच झोपतात व अंडी घाण होतात. खुडूक कोंबडी उबवायला बसवायची असल्यास तिची जागा वेगळी करणे बरे.

थंडीच्या भीतीने खुराडे चारी बाजूंनी बंद करण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि ती अपायकारक आहे. कोंबडीचे शरीर तापमान सु. 41° से. असते व पिसांमुळे ती थंडी बरीच सोसते. तिला न सोसणारी गोष्ट म्हणजे ओल. विष्ठा ओली राहिली की तीतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वसनमार्गाला इजा होते. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने छपराखाली वीतभर फट बारमाही उघडी लागते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा 5° से.च्या खाली उतरतो. तेथेही वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट सोडावे, वरची फट मात्र बुजवू नये. मालेगावच्या उन्हाळ्यात उलट अडचण असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकते. म्हणून नुसत्या पत्र्याखाली तिचे हाल होतात. पत्र्याला वरून चुना देणे व त्यावर पाचट पसरणे हा स्वस्त उपाय आहे.

जमिनीवरच्या खुराड्यात 10–15 सेंमी. जाडीची भुशाची गादी घालतात. घोटीच्या भात गिरण्यांमुळे पश्चिम भागात तूस सहज मिळते. गादी खाली-वर करत राहावी. मुठीत दाबून सोडल्यावर ती विस्कटली पाहिजे, गोळा राहिला तर ओल जास्त आहे. दुसरा प्रकार म्हणजे दीड-दोन फूट उचललेला पट्ट्यांचा तळ. विष्ठा खाली पडते आणि वारा तळातून येतो. लासलगाव, चांदवडकडील कांदा चाळीचे तत्त्वही हेच असल्याने तेथील सुतारांना असे खुराडे वेगळे शिकवावे लागत नाही. अतिपावसाच्या तालुक्यांत हाच प्रकार श्रेयस्कर.

षट्कोनी कोंबडजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, रानमांजर वा घूस यांना अडवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंची वेल्ड जाळी लागते व ती पायथ्याशी फूटभर पुरावी लागते. निफाड, सिन्नर, दिंडोरीत उसाच्या आसऱ्याने बिबट्या वस्तीपर्यंत येतो. त्याच्यापुढे जाळी टिकत नाही. तेथे खुराडे घराच्या भिंतीला लागून असावे.

लाकडाच्या भेगांत दिवसा दडून रात्री रक्त पिणारे लाल कोळीवर्गीय सूक्ष्म जीव (माइट) व गोचिडी हा जुन्या खुराड्यांचा मोठा उपद्रव आहे. भेगा बुजवणे व चुना फासणे उपयोगी पडते. ओल्या गादीतून रक्ती हगवण पसरते. राणीखेत (मानमोडी) रोगाला लसीखेरीज इलाज नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे झाला.

वापरलेली गादी द्राक्षबागा व भाजीपाल्यासाठी खत म्हणून उपयोगी पडते. ताजी टाकल्यास मुळे करपतात. आधी ती ढीग करून, ओलसर ठेवून चांगली कुजवावी लागते.