विंचूदंश : गार पावलांची खूण कुठून आली

पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमात विंचूदंशाच्या वाट्याला जेमतेम पान-दीड पान येतं. उलटी, भरपूर घाम, तोंडाला सुटणारी लाळ आणि गार पडलेले हातपाय दिसले तर रुग्ण गंभीर समजावा, असं त्यात सांगितलेलं असतं. विद्यार्थी हे पाठ करतात आणि सर्पदंशाकडे वळतात. पण ही चार लक्षणं रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, खाटेशेजारी रात्री जागून वेचलेली आहेत. ती कशी सापडली हे कळलं, तर रुग्णवाहिकेत रुग्णाच्या पावलाला हात लावायचं कुणी विसरणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

कोकणातला माणूस विंचू रंगावरून ओळखतो. काळा विंचू थोराड आणि दिसायला भयंकर असतो. त्याच्या डंखाने माणूस रात्रभर तळमळतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू त्याहून लहान. तो सरपणात, गोवऱ्यांच्या ढिगात, कौलांच्या फटीत, भाताच्या पेंढ्यात दडतो. खरा घातक हाच, आणि लहान मुलांना तर फारच.

गावोगावी विंचू उतरवणारे होते, आजही आहेत. त्यांच्यावर लोकांचा विश्वास का बसला, हे समजून घ्यायला हवं. काळ्या विंचवाची वेदना काही तासांनी आपोआपच ओसरते, त्यामुळे मंत्र लागू पडल्यासारखा वाटतो. लाल विंचवाच्या बाबतीत मात्र दुखणं हे मोजमापच फसवं आहे. डंखाच्या जागी आग आग होतेय, माणूस ओरडतोय, पण हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा निभावतो. ज्या पोराचं रडणं थांबलंय, जे घामाने भिजून गप्प पडलंय, त्याची काळजी करायची. 'आता शांत झालाय, झोप लागली वाटतं,' असं आई म्हणते, तेव्हाच त्याची पावलं गार पडलेली असू शकतात.

जुन्या वैद्यकालाही हे नीट उमगलं नव्हतं. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरत असल्याचं नोंदवलं. १९६७ मध्ये इस्रायलमधल्या बीरशेबाच्या डॉ. गुएरॉन आणि सहकाऱ्यांनी विंचवाच्या विषाने हृदयाच्या स्नायूला इजा होते, हृदय निकामी होतं, हे मांडलं. तिथला विंचू वेगळ्या जातीचा, पण घात तसाच. मरण हृदयातून येतं हे कळलं होतं, तरी त्याची चाहूल आधी कशी ओळखायची आणि द्यायचं काय, हे प्रश्न तसेच राहिले. स्टेरॉइड, अँटिहिस्टामिन, अॅट्रोपिन, गुंगीच्या औषधांची मिश्रणं असं हाताशी असेल ते दिलं जाई. त्या काळात गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५ ते ३० दगावत.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेला, नागपूरला एमबीबीएस झालेला हा तरुण डॉक्टर. मुंबई पावणेदोनशे किलोमीटरवर, रस्ते तेव्हाचे. रुग्ण पुढे पाठवायचा म्हटलं तरी तो पोचेल याची खात्री नाही. मग रुग्णाजवळ बसून राहायचं, नाडी, रक्तदाब, श्वास पाहत राहायचं आणि लिहून ठेवायचं. त्या नोंदींतून जे हाती लागलं ते १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हृदयावर घाला येण्याआधी शरीर इशारे देतं: उलटी, दरदरून घाम, लाळ, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं, आणि गार हातपाय. ईसीजी नसलेल्या, वीजही भरवशाची नसलेल्या केंद्रात हे इशारे नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने टिपता येतात. माझ्या मते या संशोधनाचं खरं मोठेपण इथे आहे.

हातपाय गार का पडतात? लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली, सोडियमला आत सोडणारी दारं उघडी ठेवतं, त्यामुळे तंतू सतत पेटते राहतात. सुरुवातीला उलटी, घाम, लाळ, कधी मंदावलेली नाडी दिसते. मग अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पावलं बर्फासारखी होतात, रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. खोकल्यातून गुलाबी फेस येतो तो या टप्प्यावर. गार पावलं म्हणजे या साखळीची पहिली कडी, आणि ती फेसाच्या बरीच आधी हाताला लागते.

पाहायची पद्धत साधी आहे. आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवायची, मग घोट्यावर, मग पोटरीवर. गारवा कुठपर्यंत चढलाय ते वेळेसह लिहायचं. अर्ध्या तासाने पुन्हा. मे महिन्यात महाड-पोलादपूरच्या उकाड्यात घामेजलेल्या पोराची पोटरी गार लागली, तर दुसरा पुरावा शोधत बसू नये.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणं हा उपचार या समजुतीतूनच निघाला. आधी शिरेतून सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं गेलं, पण त्याला क्षणाक्षणाची देखरेख लागते, ती खेड्यात कुठून आणायची? मग प्रॅझोसिन आलं. मूळची ही रक्तदाबाची, तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी, आणि विषाने जे आवळलं तेच ती सोडवते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यावरचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी, असा क्रम ठरला. म्हणजे उपचार कधी थांबवायचा हेही पावलंच सांगतात. प्रॅझोसिननंतरच्या काळात मृत्यू शंभरात एकाहून खाली आले.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट रुग्णवाहिकेत बसणाऱ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. पहिल्या गोळीनंतर रुग्ण उभा राहिला किंवा कुणी त्याला उभं उचललं, तर रक्तदाब झपकन खाली येतो. आपल्याकडे आजारी पोर दिसलं की बाप त्याला खांद्यावर टाकतो, माया असते त्यात. पण गोळी दिलेल्या मुलाला तसं उचलू देऊ नका, स्ट्रेचरवर आडवंच न्या. दम लागत असेल, छातीत घरघर असेल, तर मात्र पाठीमागे आधार देऊन डोक्याची बाजू उंच ठेवा. आणि मूल बरं होत आलं, पाय गरम झाले, की डंखाची जागा पुन्हा जोरात दुखू लागते. घरचे घाबरतात. त्यांना सांगा, विष ओसरल्याची ही खूण आहे.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचूदंशावरची लस, म्हणजे विष मारणारं प्रतिविष, हाताशी आली. प्रॅझोसिन असताना तिची गरज आहे का, हे पाहायला बावस्कर दाम्पत्याने महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी केली. ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नुसत्या प्रॅझोसिनवर १० तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, जोडीला लस दिली तेव्हा ३५ पैकी ३२. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, त्यामुळे बिरवाडीचा रुग्ण आता तितका एकटा नाही. तरी विष चढायला लागल्यावर जितकी लवकर गोळी आणि लस मिळेल तितकं बरं. म्हणून डंखाची वेळ, पहिल्या उलटीची वेळ आणि पावलं गार लागली ती वेळ, या तीन वेळा कागदावर लिहून रुग्णासोबत द्यायच्या. रुग्णालयातला डॉक्टर सगळ्यात आधी त्याच विचारतो.