तलावात होडी बुडाली तर : मच्छीमारांचा अपघात विमा, पात्रता, कागदपत्रे आणि दाव्याची प्रक्रिया

होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहील, या भरवशावर जाळं टाकायला जाणारे पुष्कळ आहेत. जुन्या लाकडी होडीपुरतं ते बरंचसं खरं होतं. लाकूड मुळात पाण्याहून हलकं, त्यामुळे होडी काठोकाठ भरली तरी तळाला जात नसे. आता उजनीपासून गोसीखुर्दपर्यंत पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या चालतात. पत्रा आणि फायबर दोन्ही पाण्याहून जड. १०० किलोची फायबरची होडी पाण्यात पूर्ण बुडाली की तिचं वजन साधारण ३५ किलो भरतं. तेवढं पेलण्यापुरता फोम किंवा हवाबंद कप्पा तिच्यात असेल, तरच ती वर राहते. इंजिन असेल तर त्याचं वजन वेगळं.

फोम असूनही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस होडीला धरून राहिला, तर त्याचा भार चार-पाच किलोच पडतो. तोच माणूस भरलेल्या होडीवर चढून बसला की भार ४०-५० किलोवर जातो आणि होडी गडगडते. म्हणून होडी उलटली तर तिला धरून राहायचं, वर चढायची धडपड करायची नाही. थर्माकोलचा तराफा आणि ट्रकची ट्यूब यांचं तर काहीच सांगता येत नाही. थर्माकोल तुटतो, बाभळीच्या बुडालेल्या खुंटावर ट्यूब फाटते, आणि पाय जाळ्यात अडकलेला असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं. होडीत उशाला ठेवलेलं जॅकेट ऐन वेळी हाताला लागत नाही.

२१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वळवाचा वारा तोच. त्याच पाण्यावर रोज पहाटे चिलापी आणि कटला धरायला जाणाऱ्यांसाठी एक अपघात विमा आहे. त्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. तरीही यादीत नाव नसल्यामुळे घरच्यांना काहीच मिळत नाही, असं घडतं. हा सगळा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

कोणता विमा, किती रक्कम

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून समूह अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख, आणि अपघातानंतर दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत खर्च मिळतो. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. कोणी तुमच्याकडे या विम्याच्या हप्त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

पात्र कोण

वय १८ ते ७० च्या दरम्यान हवं. होडीत बसणाराच पात्र असं नाही. मासेमार, मत्स्यपालक, मासेमारीत मजुरी करणारे आणि या धंद्याशी थेट जोडलेल्या इतर कामांतले लोकही यात येतात. घरातली बाई जाळी विणत असेल, काठावर मासळी निवडत असेल, तर तिचंही नाव द्या. भोई-ढिवरांच्या घरात हे काम बायकाच करतात, आणि यादीत नाव मात्र एकट्या कर्त्या पुरुषाचं असतं.

नाव कसं लावायचं

तलावावर मासेमारी सहकारी संस्थेमार्फत चालत असेल, तर सगळ्यात सोपा रस्ता संस्थेतूनच जातो. संस्थेचे सचिव सभासदांची यादी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात देतात. सभासद नसाल तर स्वतः त्या कार्यालयात जाऊन विचारा. त्याशिवाय केंद्राच्या नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मवर स्वतःची नोंदणी करून घ्या. हे पोर्टल सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर घरूनही नोंदणी होते, नाहीतर गावातल्या सीएससी केंद्रावर करून मिळते.

सोबत आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, संस्थेचा सभासद असल्याचा दाखला आणि वारसदाराचं पूर्ण नाव, नातं व आधार ठेवा. यात अडकतं ते नावातच. आधारवर एक आडनाव, पासबुकात दुसरं, संस्थेच्या रजिस्टरमध्ये नुसतं हाक मारायचं नाव. माणूस हयात असताना ही दुरुस्ती एका फेरीत होते. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी त्याच्या बायकोला प्रतिज्ञापत्रं करत तालुक्याला चकरा माराव्या लागतात. विमा वर्षागणिक नूतन होतो, म्हणून मागच्या वर्षी नाव होतं एवढ्यावर थांबू नका. यंदाच्या यादीत ते आहे का, हे संस्थेत विचारून घ्या.

अपघात झाल्यावर

पहिलं काम पोलिसांना कळवणं. गाव मिळून माणसाला बाहेर काढतं, घरी आणतं आणि परस्पर अंत्यविधी उरकतं, असं तलावाकाठी आजही होतं. दुःखात ते समजण्यासारखं आहे. पण बुडून झालेल्या मृत्यूचा दावा पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदन अहवाल यांच्यावरच उभा राहतो. नंतर कितीही साक्षीदार आणले तरी ते कागद तयार करता येत नाहीत. जवळच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करा. घटनास्थळ पंचनाम्यात मृत व्यक्ती मासेमारीसाठी पाण्यावर गेली होती, हे स्पष्ट लिहिलं गेलंय का ते सही करण्याआधी वाचून घ्या. होडी, वल्हं, जाळं यांचा उल्लेख त्यात यावा.

त्याच दिवशी संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा व पोच घ्या. मग हे कागद गोळा करा: कार्यालयातून मिळणारा दावा अर्ज, अकस्मात मृत्यूची खबर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, मृताचं आधार व सभासदत्वाचा पुरावा, वारसदाराचं आधार आणि बँक पासबुक. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातले अवयव, राखून ठेवला असेल तर रासायनिक तपासणीचा अहवालही लागतो आणि त्याला वेळ लागतो. तोवर थांबू नका, बाकीचा दावा दाखल करून ठेवा. अपघात विम्यात दारूच्या अंमलाखाली झालेल्या मृत्यूचा दावा सहसा नाकारला जातो, त्यामुळे त्या अहवालाची वाट पाहिली जाते.

मृत्यू दाखला मृत्यू जिथे झाला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो, राहत्या गावात नाही. जलाशयाचे काठ दोन-दोन तालुक्यांत पसरलेले असतात, म्हणून हे आधी विचारून घ्या. नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर काही अडचण येत नाही. ३० दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वारसदाराचं नाव आधी दिलेलं नसेल तर तहसीलमधून वारस दाखला काढावा लागतो आणि वाद असेल तर प्रकरण कोर्टात जातं.

दावा जिल्हा कार्यालयातून मत्स्यव्यवसाय आयुक्तालयाकडे आणि राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळामार्फत विमा कंपनीकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक मागून वहीत लिहून ठेवा. त्रुटीचं पत्र आलं तर ते वारसदाराच्या हाती पडेलच असं नाही. अधूनमधून कार्यालयात चौकशी करत राहावी लागते.

बँकेचा २० रुपयांचा विमा वेगळा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. वयोमर्यादा इथेही १८ ते ७०. वरचा विमा असला तरी हा दावाही करता येतो. मात्र त्यासाठी वेगळा अर्ज बँकेत द्यावा लागतो आणि तो शक्यतो अपघातापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. नातेवाईक दिवसकार्यात अडकतात आणि ही मुदत हातची जाते. घरातल्या कोणाकडे तरी हे काम पहिल्या आठवड्यातच सोपवा. वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात, म्हणून मे महिन्याअखेर खात्यात पैसे शिल्लक आहेत ना ते बघा.

पूर, चक्रीवादळ, वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्याचं महसूल विभागाने मान्य केलं, तर तहसीलदारांमार्फत ४ लाखांचं सानुग्रह अनुदान मिळू शकतं. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा हवा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारा सुटला होता, वीज पडली, हे त्या पंचनाम्यात तारीख-वेळेसह यायला हवं.

मृतदेह सापडला नाही तर

मोठ्या जलाशयात हे घडतं. झाडं, जुन्या घरांच्या भिंती, सोडून दिलेली जाळी असं बरंच काही तळाशी असतं. शवविच्छेदन नसल्यामुळे दावा अडतो, आणि बेपत्ता माणसाला मृत मानण्याची कायद्याची सर्वसाधारण मुदत ७ वर्षांची आहे. म्हणून त्याच दिवशी बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवा. होडीत सोबत कोण होतं, कोणी त्याला बुडताना पाहिलं, त्यांचे जबाब पोलिसांकडून लगेच लिहून घ्या. शोधमोहीम किती दिवस चालली, तिच्यात काय सापडलं, याच्या नोंदीची प्रत मागा. बुडताना पाहिल्याचा भक्कम पुरावा असेल तर ७ वर्षं न थांबता कोर्टाकडून मृत्यू जाहीर करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी मोफत वकील मागता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.